कोंबडीच्या जंतावर बुरशीचा उतारा

भालकी तालुक्यातल्या खटकचिंचोळीला आणि तिच्या आसपासच्या गावांना बुरशीचं औषध नवं नाही. तुरीला मर लागू नये म्हणून पेरणीआधी बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळतात. उसात हुमणी झाली की शेणखतात मेटारायझियम मिसळून सरीत टाकतात. बिदर आणि पलीकडचा कलबुर्गी हा सगळा तुरीचा मुलूख. कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. इथल्या शेतकऱ्याला हे पक्कं ठाऊक आहे की काही बुरशी पीक खातात आणि काही बुरशी पिकाच्या वैऱ्याला खातात, आणि दुसऱ्या जातीची बुरशी पुडीत विकत मिळते.

पण याच शेतकऱ्याच्या परसात तलंग झुरणीला लागली, तुरा फिका पडला, पंख सैल सोडून ती कोपऱ्यात उभी राहिली, की उपाय ठरलेला असतो. भालकीहून जंताच्या औषधाची बाटली येते, पाण्यात मिसळली जाते. कोंबडी सावरते. दोन-अडीच महिन्यांत पुन्हा तेच. शेतात जमिनीवर इलाज करणारा माणूस परसात मात्र फक्त कोंबडीवर इलाज करतो, आणि जमीन तशीच राहते. जंताचा खरा मुक्काम मात्र जमिनीतच असतो.

कोंबडीच्या आतड्यात सापडणारा सगळ्यात मोठा गोल जंत म्हणजे अस्कॅरिडिया गॅली. मादी सात ते बारा सेंटिमीटर लांब, पिवळसर पांढरी, दोन्ही टोकांना निमुळती. कोंबडी कापताना लहान आतड्यात हे जंत बऱ्याच जणांनी पाहिलेले असतात. पिल्लांत त्यांची संख्या वाढली तर आतडं तुंबून पिल्लू मरतं. मोठ्या कोंबडीत वजन घटतं, अंडी कमी होतात. क्वचित एखादा जंत वाट चुकून अंडवाहिनीत शिरतो आणि फोडलेल्या अंड्यात जिवंत सापडतो. घरातल्या माणसांनी असं एकदा पाहिलं की वर्षभर अंडं खाणं सोडतात. दुसरा महत्त्वाचा जंत हेटरॅकिस गॅलिनॅरम. हा सेंटिमीटरभर लांबीचा, आतड्याच्या टोकाशी असलेल्या आंधळ्या पिशव्यांत राहणारा. कोंबडीला तो स्वतः फारसा त्रास देत नाही, पण त्याच्या अंड्यातून हिस्टोमोनास नावाचा एकपेशीय परजीवी प्रवास करतो, आणि तो टर्कीच्या यकृताचा नाश करतो. म्हणूनच जाणकार सांगतात की टर्की आणि कोंबड्या एका आवारात ठेवू नयेत.

या दोन्ही जंतांची जगण्याची रीत सारखी आहे. मादी आतड्यात अंडी घालते, ती विष्ठेतून जमिनीवर पडतात. पडल्या पडल्या ती निरुपद्रवी असतात. त्या वेळी कोंबडीनं गिळली तरी काही होत नाही. ओल, ऊब आणि हवा मिळाली की अंड्याच्या आत अळी तयार होते आणि दहा ते वीस दिवसांत अंडं लागण करण्याजोगं होतं. अळी बाहेर येत नाही. ती अंड्यातच वाट पाहते. कोंबडीनं माती उकरताना ते अंडं गिळलं की पोटात कवच सुटतं, अळी काही दिवस आतड्याच्या अस्तरात घुसून राहते, मग बाहेर येऊन वाढते, आणि पाच ते आठ आठवड्यांत नवी मादी अंडी घालू लागते. हेटरॅकिसची अंडी गांडूळही गिळतो आणि अळी त्याच्या अंगात जिवंत राहते. कोंबडीनं गांडूळ टिपला की लागण झालीच.

अंडं कसं दिसतं हे पाहायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. पाण्यात आणखी विरघळणार नाही इतकं मीठ घालायचं, त्यात बोटाच्या पेराएवढी ताजी विष्ठा कालवायची, चहाच्या गाळणीतून गाळून लहान बाटली काठोकाठ भरायची आणि वर काचेची पातळ पट्टी ठेवायची. खारट पाणी जड असल्यानं अंडी वर तरंगतात आणि वीस मिनिटांत पट्टीला चिकटतात. पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ती पट्टी धरली की दिसतं: लांबट गोल, गुळगुळीत, जाड सालीचं अंडं, लांबीला मिलिमीटरच्या साधारण बाराव्या हिश्शाएवढं, आत एकच दाणेदार गोळा. तेच अंडं दोन-तीन आठवडे ओलं ठेवून पुन्हा पाहिलं तर आत वेटोळं घातलेली अळी असते, आणि काचेखाली थोडी ऊब मिळाली की ती हलतानाही दिसते.

त्या जाड सालीतच सगळी अडचण आहे. सालीला तीन थर असतात. बाहेरचा प्रथिनांचा, मधला कायटिनचा, म्हणजे किड्यांच्या कवचात असतो त्याच पदार्थाचा, आणि सगळ्यात आत मेदाचा पातळ पडदा. हा मेदाचा पडदा बहुतेक रसायनांना आत शिरू देत नाही. त्यामुळं नेहमीचं फिनेल शिंपडून वास जातो, अंडी जात नाहीत. कडक ऊन आणि कोरडेपणा ही अंडी मारतात, पण सावलीत, ओलीत, मातीच्या वरच्या थराखाली ती महिनोन् महिने टिकतात. म्हणजे डालग्याखालची, पाण्याच्या भांड्याभोवतीची, सांडपाणी झिरपतं तिथली आणि रात्री कोंबड्या ज्या दांडीवर बसतात तिच्या खालची जमीन हे त्यांचं सुरक्षित घर. योगायोग असा की कोंबडी सगळ्यात जास्त उकरते तेही इथंच.

बाटलीतल्या औषधाचं काम कोंबडीच्या पोटापुरतं असतं. पायपराझिन वाढ झालेल्या अस्कॅरिडियावर चांगलं चालतं, पण अस्तरात घुसलेल्या अळ्यांवर त्याचा फारसा परिणाम नाही आणि हेटरॅकिसवरही तो तोकडाच. फेनबेंडाझोल, अल्बेंडाझोल, लेव्हामिझोल ही जास्त व्यापक. पण औषध दिल्यावर कोंबडी परत त्याच अंगणात जाते. शिवाय एकच औषध वर्षानुवर्षं, तेही अंदाजानं कमी मात्रेत, दिलं की जंत त्याला दाद देईनासे होतात. शेळ्या-मेंढ्यांच्या जंतांत हे जगभर झालेलं आहे. पक्ष्यांतही ते सुरू झाल्याची नोंद आहे: अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ साली टर्कीच्या गोल जंतात, अस्कॅरिडिया डिसिमिलिसमध्ये, फेनबेंडाझोलला न जुमानणारी पिढी आढळल्याचं प्रसिद्ध केलं. औषधांचा साठा मोठा नाही, आणि तो वापरून संपवण्याची घाई आपण करू नये असं मला मनापासून वाटतं.

बुरशीचा विचार इथून सुरू होतो. जंत खाणारी बुरशी ही कल्पना नवी नाही. जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म झोप्फ यांनी १८८८ साली आर्थ्रोबोट्रिस ऑलिगोस्पोरा या बुरशीच्या तंतूंच्या फासांत जिवंत सूत्रकृमी अडकताना पाहिले. पुढं अमेरिकेच्या कृषी खात्यात चार्ल्स ड्रेक्सलर यांनी १९३० च्या दशकापासून अशा शिकारी बुरशींची एकेक जात शोधून तिचं वर्णन केलं. काहींचे तंतू चिकट जाळं विणतात, काही तीन पेशींची कडी तयार करतात आणि सूत्रकृमी आत शिरताच कडीच्या पेशी फुगून त्याला आवळतात. हे सगळं मिलिमीटरच्या काही शतांश भागात घडतं आणि वावरातल्या मूठभर मातीत रोज घडत असतं.

इंग्रज शास्त्रज्ञ डडिंग्टन यांनी अशाच एका बुरशीचं वर्णन केलं होतं. १९६९ साली तिला त्यांच्याच नावावरून डडिंगटोनिया फ्लॅग्रान्स हे नाव मिळालं. १९९० च्या दशकात डेन्मार्कमधल्या संशोधकांनी तिचा एक गुण हेरला. तिचे जाड भिंतीचे बीजाणू जनावरानं खाल्ले तर आतड्यातून न पचता बाहेर पडतात, शेणात रुजतात आणि त्याच शेणातल्या जंतांच्या अळ्यांना जाळ्यात पकडतात. म्हणजे बुरशी खुराकात द्यायची आणि ती काम करणार शेणात. भारतातही या वाटेनं काम झालं. आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळात आणि नंतर छत्तीसगडमधल्या दुर्गजवळच्या अंजोरा पशुवैद्यकीय महाविद्यालयात पी. के. सान्याल यांनी देशी जातींच्या शिकारी बुरशी शोधल्या आणि शेळ्यांमध्ये डडिंगटोनियाचे प्रयोग केले. ऑस्ट्रेलियात गेल्या काही वर्षांत या बुरशीचं उत्पादन बाजारात आलं. ते चरणाऱ्या जनावरांसाठी, म्हणजे गाई, मेंढ्या, शेळ्या, घोड्यांसाठी आहे. उस्मानाबादी शेळी पाळणाऱ्या आपल्या सीमाभागाला ही वाट पुढं उपयोगी पडेल.

मग कोंबडीला तीच बुरशी का देऊ नये? हा प्रश्न मला अनेकांनी विचारलाय आणि त्याचं उत्तर या विषयाच्या गाभ्याशी आहे. शेळी-मेंढीच्या जंतांची अळी शेणात अंड्यातून बाहेर पडते, वळवळते, गवतावर चढते. ती वळवळते म्हणूनच जाळ्यात सापडते. कोंबडीच्या गोल जंताची अळी मात्र कोंबडीच्या पोटात जाईपर्यंत अंड्याबाहेर पाऊलच ठेवत नाही. फिरता फिरता अडकणाऱ्या सावजासाठी विणलेल्या जाळ्याला बंद अंड्याशी फारसं काही करता येत नाही. 'जंत खाणारी बुरशी' म्हणून कुणी कोंबडीसाठी काही विकायला आणलं तर पहिला प्रश्न हाच विचारायचा: ही बुरशी अळी पकडते की अंडं फोडते?

अंडं फोडणाऱ्या बुरशी वेगळ्या, आणि त्यांच्या शोधाची गोष्ट शेतातलीच आहे. इंग्लंडमध्ये धान्यपिकांच्या मुळांवर गाठीसारख्या पिशव्या करणारे सूत्रकृमी असतात. तेच पीक वर्षानुवर्षं एकाच शेतात घेतलं तर सूत्रकृमी वाढत जायला हवेत. काही शेतांत मात्र ते काही वर्षांनी आपोआप कमी झाले. रॉथॅमस्टेड संशोधन केंद्रातल्या ब्रायन केरी यांनी त्याचा माग काढला, तेव्हा मातीत सूत्रकृमींच्या माद्यांना आणि अंड्यांना खाणाऱ्या बुरशी सापडल्या. त्यांतली एक आज पोकोनिया क्लॅमिडोस्पोरिया या नावानं ओळखली जाते. कुणी ती टाकली नव्हती. भरपूर अंडी मिळत गेली तशी मातीत तिची संख्या वाढत गेली होती.

पोकोनिया काय करते ते सूक्ष्मदर्शकाखाली टप्प्याटप्प्यानं पाहता येतं. तंतू अंड्याच्या सालीला येऊन भिडतो, तिच्यावरून सरकत जाऊन फांद्या फोडतो आणि टोकाशी थोडा फुगून चिकटतो. त्या जागी प्रथिनं विरघळवणारे आणि कायटिन विरघळवणारे विकर सुटतात. आधी बाहेरचा थर, मग मधला. मेदाचा आतला पडदा ओलांडला की तंतू आत पसरतो आणि अळी किंवा न वाढलेला गर्भ हेच त्याचं अन्न होतं. काही दिवसांनी अंड्याचं पोकळ कवच उरतं, आत-बाहेर बुरशीचं जाळं. चेक संशोधक लिसेक यांनी १९७० च्या दशकात अंड्यावरच्या बुरशींची तीन पायऱ्यांत विभागणी केली: नुसत्या वर वाढणाऱ्या, सालीला इजा करणाऱ्या पण आत न शिरणाऱ्या, आणि आत शिरून गर्भ खाणाऱ्या. आपल्या कामाची तिसरी पायरी. म्हणूनच बशीत अंड्यांवर बुरशी वाढलेली दिसली एवढ्यावर कुणी यश जाहीर केलं तर ते अर्धवट समजावं.

युरोपात या कामाला जोर आला त्यामागं एक कायदा होता. युरोपीय संघानं अंड्यांच्या कोंबड्यांसाठी जुन्या पद्धतीचे उघडे-बोडके पिंजरे २०१२ पासून बंद केले. कोंबड्या पुन्हा जमिनीवर आल्या, आणि त्यांच्याबरोबर पिंजऱ्यांच्या जमान्यात मागं पडलेले जंतही आले. सेंद्रिय पद्धतीनं कोंबड्या पाळणाऱ्यांना औषधं वाटेल तेव्हा देता येत नाहीत. कोपनहेगन विद्यापीठातल्या सुंदर थापा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग पोकोनिया आणि मेटारायझियम यांचा कोंबडीच्या जंतांच्या अंड्यांवर काय परिणाम होतो ते तपासलं. मेटारायझियम म्हणजे आपल्या उसातल्या हुमणीवर टाकतो त्याच कुळातली बुरशी. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या कामात त्यांनी मातीत जंतांची अंडी आणि पोकोनिया एकत्र मिसळून ती माती काही आठवडे ठेवली आणि मग कोंबड्यांना खाऊ घातली. निर्जंतुक केलेल्या मातीत बुरशीचा हात चांगला चालला: अंडी घटली, कोंबड्यांना लागणही कमी झाली. साध्या, जिवंत मातीत हा परिणाम तेवढा ठळक राहिला नाही.

मला या निकालाचा दुसरा भाग पहिल्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. परसातली माती कधीच निर्जंतुक नसते. तिच्यात शेकडो बुरशी, जिवाणू, बुरशी खाणारे माइट्स असतात. नवी आलेली बुरशी त्यांच्यात जागा मिळवू शकली नाही तर अंड्यापर्यंत पोचणारच नाही. तुरीच्या बियाण्याला ट्रायकोडर्मा लावताना आपण त्याला थेट मुळाशेजारी बसवतो, आणि उसात मेटारायझियम टाकताना शेणखतात मुरवून, ओल असताना टाकतो, ते याच कारणानं. परसात तसंच काही करावं लागेल. नुसती पुडी भुरभुरून भागणार नाही.

ब्राझीलमधल्या व्हिसोझा विद्यापीठात जॅक्सन व्हिक्टर दे आराउजो यांच्या गटानं जनावरांच्या जंतांवर पोकोनिया आणि डडिंगटोनिया दोन्हींवर वर्षानुवर्षं काम केलं. पोर्तुगाल आणि स्पेनमधल्या पशुवैद्यकांचा भर आणखी एका बुरशीवर आहे, म्युकर सर्सिनेलॉइड्सवर. लिस्बनच्या संशोधकांनी तिचा पक्ष्यांच्या विष्ठेतल्या परजीवींवर, रक्ती हगवण करणाऱ्या आयमेरियाच्या सूक्ष्म पुटींवरही उपयोग होतो का ते पाहिलंय. आयमेरिया जंत नव्हे, एकपेशीय परजीवी; त्याच्या पुटी एक-दोन दिवसांतच लागण करण्याजोग्या होतात, तेव्हा तिथं बुरशीला वेळच फार थोडा मिळतो. गोल जंतांच्या अंड्यांना दोन-तीन आठवडे लागतात आणि नंतरही ती महिनोन् महिने पडून राहतात. बुरशीला काम करायला एवढी सवड मिळते, म्हणून माझी आशा गोल जंतांवर जास्त आहे.

म्युकरचं नाव वाचून बिदर-लातूर-कलबुर्गीकडच्या वाचकांच्या मनात २०२१ चा उन्हाळा आल्याशिवाय राहणार नाही. कोरोनातून उठलेल्या, मधुमेह असलेल्या माणसांना नाका-डोळ्यांची बुरशी झाली आणि कित्येक घरांनी माणसं गमावली. त्या आजाराला म्युकरमायकोसिस म्हणतात. आपल्याकडच्या बहुतेक रुग्णांत ऱ्हायझोपस ही बुरशी होती, पण म्युकर सर्सिनेलॉइड्स हीही त्याच गणातली, आणि प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसाला ती लागू शकते. परसातल्या कोंबड्यांना घरातली म्हातारी माणसं आणि लहान मुलं दाणे टाकतात. अशा जागी मुद्दाम म्युकर वाढवायची कल्पना मला पटत नाही, युरोपात ती कितीही चांगली चालो. भाजीपाल्याच्या आणि डाळिंबाच्या बागांत सूत्रकृमीसाठी वापरली जाणारी, पॅसिलोमायसिस या जुन्या नावानं विकली जाणारी बुरशीही क्वचित माणसाच्या डोळ्याला लागते. पोकोनियाबाबत ही काळजी फार कमी आहे. मातीत राहणं आणि अंडी खाणं हाच तिचा उद्योग.

आणखी एक गोष्ट स्पष्टच सांगायला हवी. 'बुरशी चांगली' असं ऐकून कुणी बुरशी चढलेली ज्वारी, मका किंवा शेंगदाण्याची पेंड कोंबड्यांना घालू नये. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की काही महिन्यांत मेल्या. शोध घेतल्यावर कारण निघालं ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीवरची अस्परजिलस बुरशी आणि तिचं विष. अफ्लाटॉक्सिनचा शोध त्यातून लागला. बदकाची आणि टर्कीची पिल्लं या विषाला फार नाजूक असतात, कोंबडीचं यकृतही त्यानं खराब होतं. कुजक्या भुसकटातल्या दुसऱ्या अस्परजिलसनं पिल्लांच्या फुप्फुसात गाठी होतात. पावसाळ्यात भिजलेलं धान्य उन्हात वाळवून पाखडलं तरी विष जात नाही.

मग उसासाठी आणलेल्या मेटारायझियमची उरलेली पुडी परसात टाकावी का? सध्या तरी नको. त्या पुडीची नोंदणी १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली पिकासाठी झालेली असते; तिच्यातली जात हुमणीसाठी निवडलेली असते, जंताच्या अंड्यासाठी नव्हे. ती कोंबड्यांच्या श्वासात भुकटीसारखी जाईल तेव्हा काय होईल हे तपासल्याशिवाय सांगता येत नाही. शेतात चालणारी वस्तू खुराड्यात चालेल असं धरून चालू नये.

तोवर जमिनीवर इलाज करायचे साधे मार्ग आहेतच, आणि ते याच तर्काचे आहेत. रात्री कोंबड्या बसतात त्या दांडीखालची विष्ठा आठवड्याला एकदा खरवडून काढली तर अंड्यांना आत अळी तयार करायला लागणारा वेळच मिळत नाही. ती विष्ठा परसात पसरू न देता शेणात घालून ढिगात कुजवावी. ढीग आतून पन्नास-पंचावन्न अंशांच्या वर तापला की अंडी मरतात, मात्र ढीग उलटवला पाहिजे, नाहीतर कडेची थंड अंडी तशीच राहतात. पाण्याचं भांडं विटेवर उंच ठेवावं आणि त्याची जागा बदलत राहावी. डालगं एकाच ठिकाणी वर्षभर नको. उन्हाळ्यात रिकामी जमीन मोकळी, उघडी ठेवली तर मे महिन्याचं ऊन तिथं फुकट काम करतं. पिल्लं मोठ्या कोंबड्यांपासून वेगळी ठेवावीत, कारण तीन-चार महिन्यांच्या पुढं कोंबडीला जंतांचा जोर सोसतो, पिल्लाला सोसत नाही. आणि औषध द्यायचं तर विष्ठा तपासून, पशुवैद्याला विचारून, वजनाप्रमाणं पूर्ण मात्रेत. गावठी कोंबडी असो, बेंगळुरूत तयार झालेली गिरिराज असो की हैदराबादची वनराजा, जमिनीवर फिरणाऱ्या प्रत्येकीला हे लागू आहे.

बुरशीचा पुढचा प्रयोग युरोपातच व्हावा असं काही नाही, किंबहुना तो इथं होणं जास्त गरजेचं आहे. डेन्मार्कची थंड, वर्षभर ओलसर माती आणि आपला उन्हाळा यांचं काही जमत नाही. पोकोनियाला पंचवीस अंशांच्या आसपासचं तापमान मानवतं, चाळीसच्या वर तापलेल्या कोरड्या मातीत ती वाढणार नाही, फार तर जाड भिंतीचे बीजाणू करून पडून राहील. म्हणून तिच्यासाठी हंगाम पावसाळ्याचा, मृगाचा पाऊस मुरल्यापासून पुढं. नेमक्या त्याच महिन्यांत जंतांची अंडीही वाढतात. जागा म्हणजे दांडीखालची आणि पाण्याच्या भांड्याभोवतीची सावलीतली माती, सगळं आवार नव्हे. आणि सोबत अन्न लागेल: चांगलं कुजलेलं शेणखत, म्हणजे बुरशीला जिवंत मातीतल्या गर्दीत टिकाव धरता येईल.

बिदरच्या नंदीनगरात कर्नाटकाचं पशुवैद्यकीय विद्यापीठ आहे, कोंबड्यांचे जंत मोजणारे लोक तिथं आहेत. बुरशी वाढवणं, ती भुकटीत टिकवणं, मातीत तिची संख्या मोजणं हे काम रायचूरच्या कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत येतं, आणि बिदर, कलबुर्गी दोन्ही जिल्हे त्याच विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात आहेत. दोघांनी एकत्र येऊन खटकचिंचोळीसारख्या एका गावातली काही परसं घेतली, निम्म्यांत पोकोनिया मुरवलेलं शेणखत टाकलं आणि निम्म्यांत नुसतं शेणखत, तर दोन पावसाळ्यांत उत्तर मिळू शकतं. विष्ठेतली अंडी मोजून मात्र हे उत्तर मिळणार नाही, कारण मोठ्या कोंबड्यांच्या पोटातले जुने जंत अंडी घालतच राहतात. जाळीच्या तळावर वाढवलेली, एकही जंत नसलेली पिल्लं दोन-तीन आठवडे त्या परसांत सोडायची, मग परत जाळीवर घेऊन जंत डोळ्यांना दिसण्याएवढे वाढेपर्यंत ठेवायची आणि आतडी उघडून जंत मोजायचे. भालकीकडची काळी माती ओल धरून ठेवते, बिदर-हुमनाबादच्या लाल जांभ्यातून पाणी लवकर निघून जातं. तेव्हा दोन्ही मातींत ही मोजणी वेगवेगळी करावी लागेल.